जनुकांवरून मधुमेहाच्या गोळीची परीक्षा: हृदयाच्या लयीबद्दल त्यातून नेमके काय कळते?

लंबक (धागाकर्ता)

मधुमेहावरील अमुक औषधाचा ‘जनुकीय प्रतिनिधी’ घेऊन पाहिले असता एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ते नुसते थरथरत राहण्याचा, धोका कमी दिसतो, अशा आशयाचे निबंध गेल्या काही वर्षांत इतके निघू लागले आहेत की त्यांचे सारांश नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांपर्यंत पोहोचले आहेत. मी संख्याशास्त्राचा माणूस आहे, डॉक्टर नाही; त्यामुळे कोणी कोणती गोळी घ्यावी याबद्दल या धाग्यात मी काहीही लिहिणार नाही. परंतु हे निबंध ज्या पद्धतीवर उभे आहेत ती पद्धत माझ्या परिचयाची आहे, आणि ती जितके सांगू शकते त्याहून बरेच अधिक तिच्या तोंडी घातले जात आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे सविस्तर मांडतो.

आधी मूळ अडचण. मधुमेह आणि एट्रियल फिब्रिलेशन हे एकत्र आढळतात, हे जुने निरीक्षण आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासाच्या १९९४ सालच्या विश्लेषणात मधुमेही पुरुषांमध्ये हा विकार होण्याची शक्यता सुमारे १.४ पट आणि स्त्रियांमध्ये १.६ पट आढळली होती. मात्र मधुमेही माणूस बहुधा वजनानेही जास्त असतो, त्याचा रक्तदाब वाढलेला असतो, झोपेत त्याचा श्वास अडखळत असतो, आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट हृदयाची लय स्वतंत्रपणे बिघडवू शकते. औषधांच्या बाबतीत हा गुंता आणखी वाढतो, कारण कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर त्याची प्रकृती पाहूनच ठरवतात. मूत्रपिंड थकलेल्या रुग्णाला मेटफॉर्मिन दिले जात नाही. मग मेटफॉर्मिन घेणारे अधिक निरोगी दिसले, तर ती औषधाची करामत की निवडीची, हे नुसत्या नोंदी चाळून ठरत नाही.

या अडचणीवरची वाट १९८६ साली मार्टिन कातान या डच शास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट’मधल्या एका छोट्या पत्रात सुचवली होती. त्या काळी कोलेस्टेरॉल कमी असल्यास कर्करोग होतो की काय, अशी शंका चर्चेत होती. कातान यांचे म्हणणे असे की काही लोकांना अपोलिपोप्रोटीन-ई या जनुकाचे असे रूप जन्मतःच मिळालेले असते की त्यांचे कोलेस्टेरॉल आयुष्यभर कमी राहते. शंका खरी असेल, तर कर्करोगाच्या रुग्णांत हे लोक अधिक प्रमाणात आढळले पाहिजेत. आईवडिलांकडून कोणते रूप मिळावे हे गर्भधारणेच्या वेळी चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. पुढे जडणारा आजार, पगार किंवा आहार यांचा त्या चिठ्ठीवर परिणाम होत नाही. २००३ साली जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी या विचाराची व्यवस्थित मांडणी केली आणि मेंडेलियन रँडमायझेशन हे नाव रूढ झाले. वाटाण्यांवरच्या प्रयोगांचा निबंध १८६६ साली छापणाऱ्या मेंडेलचे नाव अशा ठिकाणी येईल, असे त्या धर्मगुरूच्या स्वप्नातही आले नसेल.

औषधांच्या संदर्भात या पद्धतीचे सर्वांत गाजलेले यश पीसीएसके-९ या जनुकाचे आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे दिसले की ज्या कृष्णवर्णीय सहभागींमध्ये या जनुकाची एक प्रत निकामी होती, त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते आणि हृदयरोगाचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी कमी होता. या जनुकावरून तयार होणारे प्रथिन अडवणारी इंजेक्शने २०१५ साली बाजारात आली आणि पुढील चाचण्यांत ती उपयुक्त ठरली. जनुकाने आधी दिलेली साक्ष औषधाने नंतर खरी केली, आणि तेव्हापासून प्रत्येक औषधाच्या लक्ष्यासाठी असा एखादा जनुकीय रूपभेद, म्हणजे जनुकातील जन्मजात लहानसा फरक, शोधण्याची लाट आली.

मधुमेहात हे असे केले जाते. एसजीएलटी-२ वर्गाची औषधे, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, मूत्रपिंडातील ज्या प्रथिनाला अडवून साखर लघवीवाटे बाहेर घालवतात, ते प्रथिन एसएलसी-५ए-२ या जनुकावरून तयार होते. मग १६व्या गुणसूत्रावर या जनुकाच्या आत किंवा आसपास असे रूपभेद शोधायचे की ज्यांच्यामुळे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचे रक्तातले माप, किंचित कमी राहते. हे रूपभेद बाळगणारी माणसे म्हणजे जणू जन्मापासून औषधाचा अगदी लहानसा डोस घेणारी माणसे, असे मानायचे. त्यानंतर एट्रियल फिब्रिलेशनवरची प्रचंड जनुकीय माहिती उघडायची. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात ६०,६२० रुग्ण आणि हा विकार नसलेल्या ९,७०,२१६ व्यक्ती होत्या. तेच रूपभेद रुग्णांत कमी आढळतात का, ते पाहायचे. साखरेचे आणि लयीचे, दोन्ही आकडे सार्वजनिक संकेतस्थळांवर उपलब्ध असतात. संगणक आणि एक दुपार, एवढ्यात गणित पूर्ण होते. निबंधांच्या पुराचे एक कारण ही सोय आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता माझ्या शंका. पहिली शंका मापाची आहे. औषधाने एचबीएवनसी साधारण अर्ध्या ते एका टक्क्याने उतरते. जनुकाजवळचे नेहमी आढळणारे रूपभेद ती टक्क्याच्या काही शतांशांनी हलवतात. निबंधात मात्र निष्कर्ष ‘एक टक्का घट झाल्यास’ अशा मापात लिहिलेला असतो, म्हणजे मूळ आकडा कितीतरी पटींनी फुगवलेला असतो. हे सरळ रेषेतले गणित कागदावर बिनचूक असले, तरी आयुष्यभर मिळालेली कणभर घट आणि साठीनंतर अचानक मिळालेली मोठी घट यांचा हृदयाच्या कप्प्यांवर सारखाच परिणाम होतो, हे त्या गणिताने सिद्ध केलेले नसून गृहीत धरलेले असते.

दुसरी शंका शेजाऱ्यांची आहे. गुणसूत्रावर जवळजवळ असलेले रूपभेद पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच प्रवास करतात, त्यामुळे मोजणी एकाची होते आणि परिणाम शेजाऱ्याचा असू शकतो. एसएलसी-५ए-२ च्या जवळपास, डीएनएच्या सुमारे चार लाख अक्षरांच्या अंतरावर, व्हीकेओआरसी-१ हे जनुक आहे. वॉरफरीन हे रक्त पातळ ठेवणारे औषध ज्या प्रथिनावर काम करते, ते याच जनुकाचे. आणि वॉरफरीन ज्यांना वर्षानुवर्षे दिले गेले, त्यांत एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांचा भरणा मोठा आहे. या शेजारामुळे प्रत्येक निष्कर्ष चुकतो असे मी म्हणत नाही. परंतु दोन्ही गुणधर्मांमागे एकच रूपभेद आहे की निरनिराळे दोन आहेत, याची तपासणी केल्याशिवाय अशा वस्तीतून निघालेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, आणि बऱ्याच निबंधांत ती तपासणी एका वाक्यात उरकलेली असते.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हृदयाच्या स्नायूत एसजीएलटी-२ प्रथिन जवळजवळ नसतेच. तरीही ही औषधे हृदयाला उपयोगी पडतात, म्हणून ती हृदयपेशींतील सोडियमच्या ये-जा करणाऱ्या दुसऱ्याच वाटांवर थेट काम करत असावीत, असा एक तर्क संशोधकांत चालू आहे आणि त्यावर एकमत झालेले नाही. तो तर्क खरा असेल, तर एसएलसी-५ए-२ जनुकाकडून हृदयाच्या लयीबद्दल मिळणारे उत्तर औषधाबद्दलचे नसेलच. जनुक लक्ष्याबद्दल बोलते. गोळी त्या लक्ष्याखेरीज आणखी कुठे जाऊन काय करते, हे त्याला माहीत नसते. या विषयाशी संबंध असलेल्या सदस्यांनी माझे कुठे चुकत असल्यास जरूर सांगावे.

शंखपुष्पी

लेख दोनदा वाचला. माझी आई ७१ वर्षांची आहे, तिला २२ वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेल्या वर्षी एट्रियल फिब्रिलेशनचे निदान झाले. ती डापाग्लिफ्लोझिन आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. भावाने मला असाच एक निबंध पाठवला आणि ‘आईची जनुकीय चाचणी करून घेऊ, म्हणजे ही गोळी तिला लागू पडते का ते कळेल’ असे सुचवले. खासगी प्रयोगशाळा अशा चाचण्या हजारो रुपयांना विकत आहेत. आपण वर्णन केलेल्या अभ्यासांवरून एका व्यक्तीबद्दल असे काही सांगता येते का?

लंबक

शंखपुष्पी, नाही; आणि हे उत्तर मी कोणताही आडपडदा न ठेवता देऊ शकतो. या अभ्यासांत वापरलेल्या रूपभेदांचा एका व्यक्तीवरील परिणाम इतका सूक्ष्म असतो की तो दिसण्यासाठी लाखो माणसांची सरासरी काढावी लागते. आपल्या आईंकडे तो रूपभेद असो वा नसो, गोळी त्यांच्या मूत्रपिंडात आपले काम करणारच. शिवाय त्या अभ्यासांचा प्रश्न ‘कोणाला औषध लागू पडेल’ हा नसतोच. ‘हे लक्ष्य अडवल्याने साधारणपणे समाजात हा विकार कमी होईल का’ एवढाच असतो. दोन्ही ठिकाणी जनुक हा शब्द येतो, म्हणून प्रयोगशाळांच्या जाहिरातीत दोन्हींची सरमिसळ होते. चाचणीवरचा खर्च टाळावा, असे मी आपल्या भावांनाही सांगेन.

तालुक्याचा दवाखाना

मी गेली १८ वर्षे विदर्भात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. धागाकर्त्यांचे विवेचन मला पटले. त्याला रुग्णांच्या बाजूने काही जोड देतो.

जनुकांकडे जाण्याआधी, प्रत्यक्ष चिठ्ठी टाकून झालेल्या चाचण्यांत काय आढळले हे सांगितले पाहिजे, कारण ते या धाग्यात अजून आलेले नाही. डापाग्लिफ्लोझिनची डिक्लेअर-टिमी ५८ ही चाचणी १७,१६० मधुमेही रुग्णांवर झाली. तिच्या माहितीचे २०२० साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात एट्रियल फिब्रिलेशन किंवा फ्लटरच्या (वरच्याच कप्प्यांच्या तशाच लयबिघाडाच्या) घटना औषध घेणाऱ्या गटात २६४ आणि दुसऱ्या गटात ३२५ होत्या, म्हणजे १९ टक्के घट. हा आकडा मथळ्यात उठून दिसतो. तोच दुसऱ्या मापाने वाचला, तर १,००० रुग्णांमागे एका वर्षात ९.६ ऐवजी ७.८ घटना, म्हणजे हजारात दोघांपेक्षाही कमी माणसांचा फरक. मी ही औषधे रुग्णांना देतो, हृदय कमकुवत झालेल्यांना तर आवर्जून देतो. परंतु लय सुधारेल म्हणून देत नाही. आणखी एक गोष्ट अशी की त्या चाचणीत या घटना प्रतिकूल घटनांच्या नोंदींतून मोजल्या गेल्या, प्रत्येकाचा ईसीजी ठरावीक काळाने काढून नव्हे. ज्यांचे फिब्रिलेशन गुपचूप येते आणि जाते, ते रुग्ण दोन्ही गटांत मोजणीबाहेर राहिले असणार.

दुसरा मुद्दा सल्फोनिलयुरिया औषधांचा, म्हणजे स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्यांचा. आमच्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी जितकी चालते, तितके क्वचितच दुसरे काही चालत असेल, कारण ती स्वस्त आहे. या औषधांचा जनुकीय प्रतिनिधी म्हणून एबीसीसी-८ किंवा केसीएनजे-११ या जनुकांतील रूपभेद घेतात. माझा आक्षेप असा की या औषधाने हृदयाच्या लयीला जो धोका मी पाहतो, तो सरासरी साखरेतून येत नाही. तो येतो साखर एकदम उतरण्यातून. एकादशीचा उपास धरून सकाळची गोळी मात्र न चुकता घेतलेल्या आजी घामाघूम अवस्थेत आणल्या जातात, तेव्हा त्यांच्या ईसीजीत क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पुन्हा सज्ज होईपर्यंतचा काळ) लांबलेले दिसते, कधी अनियमित ठोकेही दिसतात. साखर घसरली की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडते, रक्तातले पोटॅशियम खाली येते, आणि लय बिघडायला एवढे पुरेसे असते. जन्मापासून इन्सुलिन कणभर जास्त स्रवायला लावणारा रूपभेद कोणालाही असा घाम फोडत नाही. मग त्या रूपभेदावरून ‘सल्फोनिलयुरियामुळे लयीला धोका नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो माझ्या दवाखान्याच्या दारातच अडखळतो.

तिसरी गोष्ट आमच्या भागाशी निगडित आहे. हे सर्व अभ्यास एचबीएवनसीला साखरेचे माप मानतात. गडचिरोलीत किंवा तिकडे नंदुरबारला, जिथे सिकलसेलचे जनुक आदिवासी समाजांत बरेच आढळते, तिथे हे माप फसवे ठरू शकते. लाल पेशी लवकर मरत असतील, तर साखर जास्त असूनही एचबीएवनसी कमी दिसते. लाल पेशींचे रक्षण करणाऱ्या जी-६-पीडी या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेचेही तसेच. म्हणजे ‘एचबीएवनसी कमी करणारे जनुक’ हे साखरेचे असेल किंवा नुसते रक्तपेशींच्या आयुष्याचे.

लंबक

डॉक्टर, आपला शेवटचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. एचबीएवनसीवर परिणाम करणाऱ्या जनुकीय स्थानांची जी मोठी यादी २०१७ साली आली, त्यातील बरीच स्थाने लाल पेशींद्वारेच काम करतात, हे त्या संशोधकांनी स्वतःच दाखवले होते. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत जी-६-पीडीचा एकच रूपभेद हे माप सुमारे ०.८ टक्क्याने खाली आणतो, म्हणजे एखाद्या गोळीइतके, आणि साखर मात्र जागच्या जागी राहते. औषधाच्या लक्ष्याजवळचेच रूपभेद घेतल्यास ही चूक बरीच टळते, पण संपूर्ण जनुकसंचातून रूपभेद उचलणाऱ्या अभ्यासांत टळत नाही.

सल्फोनिलयुरियाबद्दल एक पुरवणी जोडतो. स्वादुपिंडातील ज्या पोटॅशियम वाहिनीवर ही औषधे काम करतात, तिचा एक भाग एसयूआर-१ असतो आणि हृदयाच्या निलयांत (खालच्या कप्प्यांत) त्या जागी प्रामुख्याने एसयूआर-२ए असतो. ग्लिक्लाझाइड पहिल्यालाच धरते. ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड दोघांनाही धरतात. एबीसीसी-८ हे जनुक एसयूआर-१चे आहे. त्यामुळे त्या जनुकाला साक्षीला बोलावले, तर तीनही औषधे त्याला एकसारखी दिसतात, हृदयाला मात्र तशी दिसत नसावीत.

उलटतपासणी

वरील सर्व प्रतिसाद वाचल्यावर एक सरळ प्रश्न विचारावासा वाटतो. लक्ष्य एकच असून औषधे निराळी वागतात, याचे याहून ढळढळीत उदाहरण आपल्या आठवणीत आहे. रोसिग्लिटाझोन आणि पायोग्लिटाझोन ही दोन्ही औषधे पीपीएआर-गॅमा या एकाच प्रथिनावर काम करतात. २००७ साली रोसिग्लिटाझोनमुळे हृदयविकाराचे झटके वाढत असल्याचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, २०१० साली युरोपने ते थांबवले आणि भारताने त्यावर बंदी घातली. पायोग्लिटाझोनवर २०१३ साली आपल्याकडे बंदी आली ती मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून, आणि सुमारे दीड महिन्यात ती उठलीही. ते आजही विकले जाते. पीपीएआर-गॅमाच्या जनुकाला यातले काय ओळखता आले असते? काहीच नाही. लक्ष्यापलीकडचे परिणाम दिसत नाहीत, झटपट होणारे दिसत नाहीत, मोठा डोस दिसत नाही, एकाच वर्गातील दोन औषधांतला फरक दिसत नाही. मग दिसते तरी काय? फुकटची माहिती आणि फुकटचे निबंध, यापलीकडे या पद्धतीला काही अर्थ आहे की नाही, हे धागाकर्त्यांनी स्पष्ट सांगावे.

लंबक

प्रश्न रोखठोक आहे, आणि मी पद्धतीच्या विरोधात लिहिलेले नाही हे स्पष्ट करण्याची संधी त्यामुळे मिळाली.

मला या पद्धतीचा खरा उपयोग औषधांची परीक्षा घेण्यापेक्षा, मधुमेह आणि वजन यांची फारकत करण्यात दिसतो. वजन वाढवणारे रूपभेद ज्यांच्याकडे जन्मतः अधिक असतात, त्यांना एट्रियल फिब्रिलेशन अधिक होते. हे २०१७ साली ‘सर्क्युलेशन’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले आणि त्यानंतरही वारंवार तसेच आढळले आहे. उंचीचेही तसेच आहे. जनुकांमुळे उंच असणाऱ्यांना हा विकार थोडा अधिक होतो, कारण बहुधा वरचा कप्पा आकाराने मोठा असतो. त्या तुलनेत मधुमेहाचे जनुकीय ओझे आणि हा विकार यांच्यातील दुवा फारच क्षीण निघतो, आणि वजनाचा वाटा वेगळा काढला की तो आणखी रोडावतो. याला चाचणीचाही दुजोरा आहे. अमेरिकेतील अकॉर्ड चाचणीत दहा हजारांवर मधुमेहींपैकी एका गटाची साखर फार कडक पद्धतीने खाली ठेवली होती. त्या गटात नव्याने होणारे एट्रियल फिब्रिलेशन काही कमी झाले नाही, आणि मृत्यू वाढल्यामुळे तो कडक उपचार २००८ साली मुदतीआधी थांबवावा लागला.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, तर एक विचार करण्याजोगे अनुमान निघते. एखाद्या मधुमेहाच्या औषधाने लय खरोखर सुधारत असेल, तर ती साखर उतरल्यामुळे सुधारते, ही शक्यता कमी आहे. वजन, रक्तदाब, शरीरात साठलेले पाणी किंवा हृदयावरील थेट परिणाम यांच्याकडे पाहिले पाहिजे. हे अनुमान जनुकीय माहितीशिवाय इतक्या विश्वासाने करता आले नसते. म्हणून ज्या निबंधात औषधाचा प्रतिनिधी ‘साखर किती उतरते’ यावरून निवडलेला असतो आणि निष्कर्ष हृदयाच्या लयीबद्दल असतो, तिथे मोजपट्टीच चुकीच्या जागी लावली आहे, असे मला वाटते.

जीएलपी-१ वर्गाची औषधे, म्हणजे लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, याचे चांगले उदाहरण ठरतील. जीएलपी-१ ग्राहकाच्या, म्हणजे ही औषधे पेशीवरील ज्या प्रथिनाला चिकटतात त्याच्या, जनुकात एक दुर्मीळसा रूपभेद आहे, ज्यामुळे उपाशीपोटीची साखर कमी राहते. २०१६ साली त्याच्या अभ्यासात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजारही कमी आढळला, आणि त्याच वर्षी लिराग्लुटाइडच्या लीडर चाचणीने तीच दिशा दाखवली. जनुक आणि गोळी यांची (खरे तर इंजेक्शनची) साक्ष इथे जुळली. परंतु ही औषधे नाडीचे ठोके मिनिटाला दोन-तीनने वाढवतात आणि दुसरीकडे वजन भरपूर उतरवतात. लयीच्या दृष्टीने एक परिणाम नको असलेला, दुसरा हवासा. एका रूपभेदाच्या एका आकड्यात ही रस्सीखेच कशी उतरणार?

उत्तरध्रुव

मी मूळचा साताऱ्याचा असून काही वर्षांपासून फिनलंडमध्ये आरोग्यनोंदींच्या माहितीवर काम करतो. धाग्यात माहितीच्या स्रोतांबद्दल फारसे आलेले नाही, म्हणून लिहितो.

या निबंधांपैकी बहुतेकांची शिदोरी दोन-तीन ठिकाणांहून येते. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत, म्हणजे लोकांच्या जनुकांच्या आणि आरोग्याच्या माहितीच्या साठ्यात, २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयोगटातील सुमारे पाच लाख लोकांनी नाव नोंदवले. निमंत्रण गेलेल्यांपैकी फक्त साडेपाच टक्के लोक आले, आणि आलेले लोक उरलेल्यांपेक्षा अधिक निरोगी, अधिक सुस्थितीतले होते. फिनलंडच्या फिनजेन प्रकल्पात पाच लाख लोकांचे नमुने आहेत आणि त्यांची सांगड राष्ट्रीय नोंदवह्यांशी घातलेली आहे. कोणी कोणत्या दिवशी औषधांच्या दुकानातून कोणती गोळी विकत घेतली, हेसुद्धा त्यात असते. त्यामुळे इथे जनुकीय प्रतिनिधीचा आडमार्ग न घेता, गोळी प्रत्यक्ष घेणारा माणूस आणि त्याचे जनुक यांचा एकत्र विचार करता येतो. शंखपुष्पी यांच्या भावांच्या मनात जो प्रश्न होता, त्याचे उत्तर कधी मिळालेच, तर ते अशा अभ्यासांतून मिळेल.

एक सावधगिरीची सूचना. साखरेची आणि लयीची, अशा दोन्ही बाजूंची माहिती पुष्कळदा त्याच यूके बायोबँकेतून घेतलेली असते. प्रतिनिधी रूपभेद दुबळा असेल आणि माणसे दोन्हीकडे तीच असतील, तर निष्कर्ष त्याच जुन्या, गुंत्याने भरलेल्या निरीक्षणाकडे ओढला जातो. म्हणजे ज्या खड्ड्यातून बाहेर पडण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यातच पुन्हा पाय.

आणि भारतीयांचे काय, हा प्रश्न मला इथे बसून अधिकच टोचतो. यूके बायोबँकेत दक्षिण आशियाई लोक दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह आणि हृदयविकार अधिक असूनही एट्रियल फिब्रिलेशन गोऱ्या लोकांपेक्षा कमी आढळते, हे कोडे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. डाव्या अलिंदाचा (वरच्या कप्प्याचा) लहान आकार हे त्याचे एक कारण सुचवले जाते. म्हणजे युरोपीय माहितीतून काढलेले नाते आपल्याकडे तसेच्या तसे लागू करता येणार नाही, याची सूचना आधीच मिळालेली आहे. आपला मधुमेहही निराळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी, पण चरबीच्या प्रमाणात जास्त असतात; तरुणपणी मधुमेह झालेल्या पुण्यातील रुग्णांच्या अभ्यासात इन्सुलिनची टंचाई असलेला गट सर्वांत मोठा निघाला. वजन हा लय बिघडण्याचा मुख्य मार्ग असेल, तर बारीक अंगाच्या मधुमेही माणसाचे गणित वेगळे मांडावे लागेल.

तालुक्याचा दवाखाना

उत्तरध्रुव यांच्या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा आहे. माझ्याकडील फिब्रिलेशनच्या रुग्णांत लठ्ठ मधुमेहींपेक्षा, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसलेल्या बायका अजूनही अधिक येतात. युरोपच्या माहितीसंचात हा रुग्ण जवळजवळ नाहीच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांच्यापैकी कितीजणांचा एकदा तरी ईसीजी निघाला असेल?

शंखपुष्पी

सर्वांचे आभार. भावाला धागा वाचायला दिला. चाचणीचा विचार त्याने सोडला आहे. एक गोष्ट मात्र कळली नाही. आईच्या गुणपत्रिकेत मधुमेहासाठी एक गुण धरून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मधुमेहाने फिब्रिलेशन होत नसेल, तर तो गुण कशाला?

तालुक्याचा दवाखाना

ताई, ते दोन निराळे प्रश्न आहेत. ती गुणपत्रिका फिब्रिलेशन होईल का हे मोजत नाही. ते झालेले असताना गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका किती, हे मोजते, आणि त्या धोक्यात मधुमेहाची भर निश्चित पडते. ७१ वर्षांच्या स्त्रीला वयाचाही एक गुण मिळतोच. ती गोळी कृपया या चर्चेवरून थांबवू नये. दुसरे, आईंच्या मोतीबिंदूच्या किंवा अन्य कोणत्याही शस्त्रक्रियेची वेळ आली, तर डापाग्लिफ्लोझिन चालू असल्याचे तेथील डॉक्टरांना आधीच सांगावे. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी ते साधारण तीन दिवस बंद ठेवण्याची पद्धत आहे.

उलटतपासणी

धागाकर्त्यांचे उत्तर मला बऱ्याच अंशी पटले. शेवटचा प्रश्न: एसएलसी-५ए-२ जनुकाची साक्ष हृदयाच्या लयीबाबत आपण ग्राह्य मानाल, असा कोणता पुरावा आहे? की कोणताच पुरावा पुरेसा होणार नाही?

लंबक

आहे, आणि तो मिळवणे अशक्य कोटीतलेही नाही. काही कुटुंबांत या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या व्यक्ती जन्मतात. त्यांच्या लघवीतून रोज कित्येक ग्रॅम साखर जाते, रक्तातली साखर मात्र सामान्य असते आणि प्रकृतीही बहुधा ठणठणीत असते. हे लक्ष्य अडवणे सुरक्षित ठरेल, हा भरवसा औषध घडवणाऱ्यांना त्यांच्याकडे पाहूनच मिळाला होता. शतांशांनी साखर हलवणाऱ्या रूपभेदांपेक्षा ही माणसे गोळीच्या कितीतरी जवळची आहेत, आणि त्यांच्याबाबतीत आकडा फुगवावा लागत नाही. पूर्व लंडनमधील बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांवरील ‘जीन्स अँड हेल्थ’ प्रकल्प अशाच, दोन्ही प्रती निकामी असलेल्या व्यक्तींचा शोध घेण्याच्या उद्देशाने उभा राहिला आहे, कारण त्या समाजांत नात्यातल्या विवाहांमुळे अशा व्यक्ती अधिक सापडतात. निरनिराळ्या देशांतून अशा साठीपुढच्या शे-दोनशे व्यक्ती गोळा झाल्या, त्यांना आठवडाभर होल्टर (अंगावर बाळगायचे ईसीजी यंत्र) लावून लय नोंदवली, डाव्या अलिंदाचे माप घेतले, आणि त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा त्यांच्यात फिब्रिलेशन स्पष्टपणे कमी निघाले, तर मी माझी तिसरी शंका मागे घेईन आणि मूळ लेखात तशी दुरुस्ती करीन.